सोसणे ते सांगणे : भावनिग्रहाची सवय आणि जात्यावरची ओवी

१.

कलानिर्मितीमुळे मनातील दुःखाला वाट मिळते आणि मन हलके होते, हे विधान मराठी समीक्षेत आणि विशेषतः वर्गातील अध्यापनात इतक्या वेळा केले जाते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आत्मचरित्र असो, भावकविता असो की लोकगीत असो, ‘भावनांना वाट करून देणे’ या एकाच शब्दप्रयोगाने निर्मितीमागील मानसिक व्यापाराचे स्पष्टीकरण पूर्ण झाले असे मानले जाते. या स्पष्टीकरणात मन हे एक बंद भांडे आहे आणि भावना ही त्यात साठलेली वाफ आहे, असे एक चित्र गृहीत धरलेले असते. हे चित्र खरे असेल तर रडणे, ओरडणे, आदळआपट करणे आणि कविता रचणे यांत गुणात्मक भेद उरत नाही. चारही गोष्टींनी वाफ बाहेरच पडते. मग रचनेचा, छंदाचा, संबोधनाचा, म्हणजे ज्याला साहित्याचा अभ्यासक कला म्हणतो त्या सर्वांचा, या व्यापारात वाटा कोणता, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्षेत्रात करावयाचा आहे. दुःखाशी वागण्याची एक विशिष्ट सवय, म्हणजे ते सतत आतल्या आत दडपून ठेवण्याची सवय, कलानिर्मितीमुळे बदलू शकते काय, आणि बदलत असेल तर ती निर्मितीतील कोणत्या घटकामुळे, हे जात्यावरच्या ओवीच्या आधारे पाहावयाचे आहे. ओवीची निवड सहेतुक आहे. या गीतप्रकाराची निर्मिती ज्यांनी केली त्या स्त्रियांवर मौनाचे बंधन सर्वाधिक होते, आणि या गीतांचे रूप त्यांच्या श्रमातून घडले.

२.

दुःखाशी वागण्याच्या अपायकारक रीती मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखलेल्या आहेत. ‘गिळणे’, ‘कुढणे’ आणि ‘आदळआपट करणे’ ही तीन क्रियापदे या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. गिळणारी व्यक्ती भावना जाणते, परंतु तिचे कोणतेही चिन्ह बाहेर दिसू देत नाही. कुढणारी व्यक्ती तीच घटना मनात पुनःपुन्हा घोळवते. विचार चालू असतो, पण तो पुढे सरकत नाही. आदळआपट करणारी व्यक्ती भावनेचा भार भांड्यांवर, मुलांवर किंवा स्वतःवर टाकते. या तिन्ही रीती परस्परांपासून वेगळ्या असल्या तरी त्या बहुधा एकाच व्यक्तीत एकामागून एक येतात. दिवसभर गिळलेले रात्री कुढण्यात येते आणि केव्हातरी क्षुल्लक निमित्ताने फुटते.

येथे एक पारिभाषिक खुलासा आवश्यक आहे. फ्रॉइडप्रणीत दमन ही अबोध पातळीवरची क्रिया आहे. दमित इच्छा व्यक्तीला स्वतःलाही ज्ञात नसते. गिळणे ही मात्र जाणीवपूर्वक केलेली क्रिया असते. म्हणून तिच्यासाठी येथे ‘भावनिग्रह’ ही संज्ञा वापरली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून भावनिग्रहाचे स्वरूप बरेच स्पष्ट झाले आहे. भावनेची बाह्य चिन्हे दाबल्याने चेहरा निर्विकार राहतो, परंतु दुःखाची आंतरिक जाणीव कमी होत नाही. शरीरावरील ताण उलट वाढतो, आणि दाबण्याच्या कामात लक्ष गुंतल्याने समोर घडणाऱ्या गोष्टींची स्मृतीही क्षीण होते. याउलट प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच आरंभी बदलली तर दुःखाची तीव्रता खरोखर उणावते. कुढण्याच्या सवयीचा अभ्यास सुसान नोलेन-होक्सेमा यांनी केला. १९९१ साली मांडलेल्या त्यांच्या सिद्धान्तानुसार खिन्नतेच्या अवस्थेत स्वतःच्या खिन्नतेचेच चिंतन करीत राहिल्याने ती अवस्था लांबते.

या रीती व्यक्तिगत वाटल्या तरी त्या समाजाने शिकविलेल्या असतात. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ हा वाक्प्रचार या शिकवणीचे नेमके वर्णन करतो. त्यात मार आहे आणि तोंड दाबणेही आहे; दुसऱ्यामुळे पहिल्याचे दुःख दुणावते. सासरी गेलेल्या मुलीने घरातील गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये, माहेरी आलेल्या मुलीनेही आईवडिलांना घोर लागेल असे काही सांगू नये, ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘सोसणे’ हा गुण ठरला आणि ‘सांगणे’ हा दोष ठरला. सवय अशी गुण म्हणून रुजली की ती मोडणे अधिक कठीण होते.

३.

निर्मितीने मन हलके होते या कल्पनेचे मूळ अॅरिस्टॉटलच्या शोकात्मिकाविषयक विवेचनातील ‘कॅथार्सिस’ या संज्ञेत शोधले जाते. मराठीत या संज्ञेसाठी ‘विरेचन’ हा शब्द रूढ झाला. हा शब्द आयुर्वेदातील आहे आणि तो शरीरातील दोष बाहेर काढण्याच्या उपचाराचा वाचक आहे. अॅरिस्टॉटलच्या संज्ञेचा वैद्यकीय अर्थ जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब बेर्नायस यांनी १८५७ मध्ये आग्रहाने मांडला होता. हे बेर्नायस फ्रॉइड यांच्या पत्नीचे चुलते होत. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली उन्मादविषयक ग्रंथात आपल्या उपचारपद्धतीला हेच नाव दिले. पुढे फ्रॉइड यांनी स्वतः ही पद्धती मागे टाकली, आणि कलेच्या संदर्भात उदात्तीकरणाची कल्पना पुढे आणली. परंतु साहित्यविचारात वाफेच्या भांड्याचे चित्र तसेच राहिले.

केवळ बाहेर टाकल्याने भावना शमते, या समजुतीला प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या सरावपिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढल्याचे दिसून आले. जे स्वस्थ बसले त्यांचा राग त्या मानाने कमी होता. म्हणजे आदळआपट ही गिळण्यावरील तोड नव्हे. ती कुढण्याचेच कृतिरूप आहे.

लेखनाविषयीचे प्रयोग याहून वेगळे सांगतात. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले होते. काहींनी क्षुल्लक विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील आघाताविषयी लिहिले. आघाताविषयी लिहिणाऱ्यांतही काहींनी केवळ घटना, काहींनी केवळ भावना आणि काहींनी घटना व भावना दोन्ही लिहावयाच्या होत्या. दोन्ही लिहिणाऱ्यांना लेखनानंतर लगेच अधिक खिन्न वाटले. मन हलके होण्याचा अनुभव त्यांना त्या वेळी आला नाही. परंतु पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची त्यांना इतरांपेक्षा कमी गरज पडली. नंतरच्या वर्षांत या प्रकारच्या लेखनाच्या भाषिक विश्लेषणातून असे निष्पन्न झाले की, ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारण आणि उमज दाखविणारे शब्द वाढत गेले त्यांना अधिक लाभ झाला. सर्वनामांच्या वापरात बदल होत जाणे, ‘मी’वरून ‘तो’, ‘ती’, ‘आम्ही’कडे आणि परत असे दृष्टिकोन पालटणे, यांचाही लाभाशी संबंध दिसला.

या निष्कर्षांचे मोल ओळखताना त्यांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी परिणाम निश्चित, परंतु लहान आढळला. लेखन हे औषध नव्हे. तरीही साहित्याच्या अभ्यासकासाठी या संशोधनातील मुख्य सूचना महत्त्वाची आहे. लाभ भावना बाहेर पडण्यात नसून ती रचली जाण्यात आहे.

४.

भारतीय साहित्यशास्त्राने हा भेद सहस्र वर्षांपूर्वी ओळखला होता. क्रौंचवधाची कथा सर्वश्रुत आहे. वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला असे तिचे तात्पर्य सांगितले जाते, आणि आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या प्रसंगाचा आधार घेतला आहे. वाफेच्या चित्रानुसार या कथेचा अर्थ असा होईल की मुनीला दुःख झाले आणि ते श्लोकरूपाने बाहेर पडले. अभिनवगुप्ताने आपल्या ‘लोचन’ टीकेत हा अर्थ स्पष्टपणे नाकारला आहे. हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक मानता कामा नये, कारण जो स्वतः दुःखाने व्याकूळ आहे त्याच्याकडून रचना होणार नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. शोक चर्वणेचा विषय झाला, छंदात नियमित झाला, तेव्हाच तो श्लोकत्वाला पोहोचला.

भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. साधारणीकरणात भावना नाहीशी होत नाही किंवा सौम्यही होत नाही. ती ‘माझी’ किंवा ‘त्याची’ या संबंधांतून मोकळी होते. ही कल्पना मुख्यतः रसिकाच्या आस्वादाचे स्पष्टीकरण म्हणून मांडली गेली. परंतु निर्माता हाच जेथे पहिला श्रोता असतो, तेथे ती निर्मितिप्रक्रियेलाही लागू करता येते. जात्यावरच्या ओवीत गाणारी आणि ऐकणारी एकच असते. किंवा समोरासमोर बसून एकच खुंटा धरलेल्या दोघी असतात.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेसाठी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. त्यांचा रोख शुद्ध सौंदर्यविचाराकडे होता आणि लौकिक भावनांचे प्रयोजन त्यांना कलेत मान्य नव्हते. तरीही, भावना एखाद्या लयबंधात बसवावयाची म्हणजे तिला विरोधी घटकाच्या सान्निध्यात ठेवावयाचे, हे त्यांच्या विवेचनातून निघते. कुढण्यात असा विरोधी घटक नसतो. तेथे एकच सूर स्वतःलाच प्रतिध्वनी देत राहतो.

५.

आता ओवीच्या रचनेकडे वळता येईल. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन साने गुरुजी, सरोजिनी बाबर आदींनी केले. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभ करून उभारलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत; २०१७ पासून हा संग्रह ध्वनिमुद्रणांसह टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत गेला. इतक्या विपुल सामग्रीतून ओवीच्या रचनेची चार वैशिष्ट्ये सहज लक्षात येतात, आणि चारही भावनिग्रहाच्या सवयीशी थेट भिडणारी आहेत.

पहिले वैशिष्ट्य संबोधनाचे. ओवी क्वचितच केवळ स्वगत असते. ती आईला, भावाला, शेजारणीला, सखीला, विठोबाला, एवढेच नव्हे तर प्रत्यक्ष जात्यालाही उद्देशून असते. जात्याला देव मानून त्याच्यापाशी मन मोकळे करण्याचा संकेत सर्वत्र आढळतो. गिळण्याच्या सवयीचा पाया ‘सांगावयास कोणी नाही’ हा असतो. संबोधन हा पायाच काढून घेते. ऐकणारा प्रत्यक्षात हजर नसला तरी वाक्य त्याच्या दिशेने रचावे लागते, आणि दुसऱ्याला समजेल असे रचताना घटनेला क्रम, कारण आणि नाव द्यावेच लागते.

दुसरे वैशिष्ट्य लांबीचे. स्त्रियांची ही ओवी बहुतांशी दोन ओळींची, प्रत्येक ओळ दोन तुकड्यांची, आणि शेवटी यमकाने बांधलेली असते. ती गळ्यावर गाताना शब्दांची पुनरावृत्ती होते, भरीचे शब्द येतात; परंतु आशय दोन ओळींत पूर्ण होतो. कुढणे अनंत असते, ओवी संपते. पुढची ओवी त्याच विषयाची असू शकते, पण तिला नवे यमक, नवी प्रतिमा, बहुधा नवे संबोधन लागते. एकाच दुःखाकडे पुन्हा यावयाचे तर निराळ्या वाटेने यावे लागते. पेनेबेकर यांच्या अभ्यासात लाभदायक ठरलेला दृष्टिकोनबदल येथे रचनेच्या नियमातच आहे.

तिसरे वैशिष्ट्य परंपरेने पुरविलेल्या पात्रांचे. ओव्यांमध्ये सीतेचा वनवास विस्ताराने येतो. रानात एकटी असलेली सीता, तिचे बाळंतपण, तिला टाकणारा राम हे सारे सासुरवाशिणीच्या जगातील घरगुती तपशिलांनी रंगविलेले असते. स्वतःच्या नवऱ्याविषयी जे उच्चारता येत नाही ते रामाविषयी उच्चारता येते. यात केवळ आडून बोलण्याची सोय नाही. आपले दुःख सीतेच्या दुःखाच्या रांगेत बसले की ते आपल्या नशिबाचा दोष म्हणून उरत नाही. ते बाईच्या जन्माला येणारे, म्हणून विचार करता येण्याजोगे दुःख होते. साधारणीकरणाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

चौथे वैशिष्ट्य श्रमाचे. पहाटेच्या अंधारात, घरातील पुरुष झोपेत असताना, जात्याची घरघर ही आवाजाला आडोसा देई आणि लयही पुरवी. हात खुंट्यावर गुंतलेले, शरीर एका गतीत, मूठमूठ धान्य आत जाते आहे आणि पीठ बाहेर पडते आहे. पहिल्या ओव्या देवादिकांना वाहण्याची आणि दळण सरताना शेवटची ओवी गाण्याची रीत या अवकाशाला आरंभ व अंत देते. दुःख बोलण्याची एक वेळ आणि एक जागा ठरलेली असते. उजाडल्यावर दुसरी कामे असतात. भावना नियमित अवकाशात आणणे आणि ती दाबणे यांतील भेद येथे लख्ख दिसतो.

जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी चित्रकलेवर केलेल्या प्रयोगांत, दुःखद चित्रफीत पाहून आलेल्या व्यक्तींनी त्या दुःखाचेच चित्र काढले तर मनःस्थिती थोडी सुधारली. दुसऱ्याच विषयाचे चित्र काढले तर ती तत्काळ अधिक सुधारली. ओवी या दोहोंपैकी एक निवडण्याची सक्ती करीत नाही. एकाच बैठकीत सासुरवासाच्या ओवीनंतर भावाच्या बैलजोडीची, तान्ह्या बाळाची, पंढरीच्या वाटेची ओवी येते. व्यथा आणि विसावा यांची ही सरमिसळ संकलकांच्या विषयवार वर्गीकरणात पुष्कळदा हरवते. ओव्यांच्या अध्यापनात एकेका विषयाच्या ओव्या सुट्या काढून शिकविल्या जातात तेव्हा विद्यार्थ्याला केवळ दुःखाची रास दिसते, गाणारीची वाटचाल दिसत नाही.

६.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ओवीमुळे स्त्रीचे सोसणे बदलले, की सोसणे सुसह्य झाल्यामुळे ते अधिक काळ टिकले? मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लुकमन यांनी १९५० च्या दशकात आफ्रिकेतील विधींच्या अभ्यासातून असे मांडले की, व्यवस्थेविरुद्धचा ठरावीक वेळचा, परवानगी असलेला निषेध त्या व्यवस्थेला बळकटच करतो. हा न्याय लावला तर पहाटेची ओवी ही दिवसभराच्या मौनाची किंमत ठरते. जात्यावर गाणारी स्त्री उजाडल्यावर पुन्हा गप्प होत असे, हे नाकारता येत नाही.

या आक्षेपाला दोन टप्प्यांत उत्तर द्यावे लागते. पहिली गोष्ट अशी की, सवय बदलणे आणि परिस्थिती बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओवीने सासू, नवरा, कर्ज किंवा दुष्काळ बदलला नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. तिने बदलला तो दुःखाशी असलेला संबंध. गिळलेल्या दुःखाला नाव नसते. गायलेल्या दुःखाला नाव असते. नाव नसलेल्या गोष्टीविरुद्ध उभे राहता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, हे नाव देणे प्रसंगी पुढे जाते, याचे पुरावे परंपरेतच आहेत. दळणकांडणाला अभंगात आणणाऱ्या जनाबाईच्या नावावर विठ्ठलाच्या मदतीचे अभंग आहेत, तसेच त्याला शिव्याशाप देणारेही आहेत. दासीचा राग तेथे उघड झाला आहे. प्वातव्हाँ-राईरकर संग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांची मोठी संख्या आहे. सीतेसाठी घडलेला रचनाबंध दलित स्त्रियांनी आत्मसन्मानाच्या उच्चारासाठी वापरला. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणी वैधव्य आलेल्या या शेतकरी स्त्रीने घरोट्याच्या आणि शेताच्या लयीत रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत वैधव्याचे दुःख आहे, परंतु त्या दुःखाला करुणेची याचना चिकटलेली नाही. गद्यात हीच प्रक्रिया लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आढळते. पतीच्या १८९५ सालच्या धर्मांतराने त्यांच्यावर कोसळलेला एकाकीपणा त्या विनोदाच्या अंतरावरून सांगतात. स्वतःची फजिती रंगविताना त्या स्वतःलाच एक पात्र करतात. हे विनोदी अंतर म्हणजे दृष्टी बदलणे होय, भावना दाबणे नव्हे.

आक्षेपात तथ्य उरते ते एवढेच की, रचना स्वयंचलितपणे मुक्त करीत नाही. तीच ओवी यांत्रिकपणे, अर्थाकडे लक्ष न देता गायली तर ती केवळ श्रमाची सोबत होते. तीच कविता स्वतःच्या दुःखाचे कौतुक करण्यासाठी लिहिली तर ती छंदोबद्ध कुढणे होते. अशा कवितेची मराठीत वाण नाही. कला आणि सवय यांच्यातील सीमारेषा शब्दांच्या अस्तित्वाने आखली जात नाही. पुढच्या ओळीत निराळे काही घडते की नाही, यावरून ती ओळखावी लागते.

७.

पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्या तसे जाते कोपऱ्यात गेले. ती सुटका होती. पहाटे उठून मणमण धान्य दळण्याच्या कष्टांचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु श्रमाबरोबर तो आडोसा, ती लय आणि समोर बसलेली ती दुसरी बाईही गेली. सोसण्याची शिकवण मात्र गेली नाही. संकलकांनी नोंदविलेल्या असंख्य ओव्या, दळणे सुटल्यानंतर वृद्ध स्त्रियांनी स्मरणातून म्हटलेल्या आहेत, ही वस्तुस्थिती या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे.

वरील विवेचनाचे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. भावनिग्रहाची सवय केवळ भावना बाहेर टाकल्याने सुटत नाही. आदळआपट आणि कुढणे ही तिचीच रूपांतरे आहेत. निर्मिती ही सवय बदलू शकते ती संबोधन, मर्यादित आकार, परकाया आणि नियमित अवकाश या रचनागत घटकांमुळे. हे घटक दुःखाला श्रोता, शेवट, सोबत आणि वेळ देतात. म्हणून निर्मितीचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण आणि रूपनिष्ठ विश्लेषण ही परस्परविरोधी कामे नव्हेत. रचना काय करते हे पाहिल्याखेरीज मनाचे काय झाले हे सांगता येत नाही.

अध्यापनाच्या संदर्भात याचा अर्थ असा की, आत्मपर साहित्य शिकविताना ‘लेखिकेने भावनांना वाट करून दिली’ हे वाक्य विवेचनाचा शेवट ठरू नये. ती कोणाला सांगते आहे, कोठे थांबते आहे, कोणाच्या तोंडून बोलते आहे, हे प्रश्न त्या वाक्यानंतर सुरू होतात. स्वतःचे लेखन भीत भीत दाखविणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि त्यांतील काहींसाठी ते गिळलेल्या गोष्टीचे पहिलेच सांगणे असते. अशा लेखनाला ‘मन मोकळे केलेत, छान’ एवढाच अभिप्राय देणे म्हणजे त्यातील अर्धे काम न वाचणे होय. दुःख गंभीर असेल तर विद्यार्थ्याला योग्य व्यक्तीकडे नेणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. त्यानंतरही पुढची ओळ रचावयास लावणे हे साहित्याच्या शिक्षकाचे खास काम उरतेच.